खालच्या तुकड्याची नांगरट

माझ्या थोरल्या भावाबद्दल कुणी वाईट बोललेलं मी कधी ऐकलं नाही, आणि त्याचाच मला राग येतो. सगळ्या जगाशी चांगला असलेला माणूस घरच्यांना किती महागात पडतो, हे त्या गोडवे गाणाऱ्यांना काय ठाऊक! त्यांना त्याच्याबरोबर एका छपराखाली चोवीस वर्षं काढायची नव्हती. मी काढली आहेत. लग्नानंतर दोन वर्षांत माझा नवरा गेला, मी पेटी उचलून दादाच्या दारात आले, तेव्हा तो म्हणाला, "आलीस? हात धू, जेवायला बस." त्यानंतर त्या विषयावर कधी एक शब्द नाही. अशा माणसावर धड रागावताही येत नाही, म्हणून मी जन्मभर त्याच्यावर बारीकसारीक गोष्टींवरून रागावत आले.

गाव त्याला ओळंबा म्हणायचं. भिंत सरळ चढतेय का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात ना, तो ओळंबा. नावही गवंड्यानंच ठेवलं. आमच्या बांधावर बसून डबा खाताना त्यानं दादाचं नांगरणं बघितलं आणि म्हणाला, "मी दोरी लावून जे करतो ते हा माणूस बैलांच्या शेपट्यांकडे बघत करतो." दादाचा तास, म्हणजे नांगराची ओळ, या बांधापासून त्या बांधापर्यंत जायचा आणि बोटभरसुद्धा हलायचा नाही. तरुणपणी एकदा ऊन डोळ्यावर आलं आणि एक तास हातभर शेजाऱ्याच्या हद्दीत गेला. शेजाऱ्याला पत्ताही नव्हता. पण कापणी झाल्यावर दादानं त्या हातभर पट्टीचं धान्य वेगळं मळलं, टोपलीत भरलं आणि त्याच्या दारात नेऊन ठेवलं. शेजारी हसून हसून खाली बसला. वहिनीला मात्र काही हसू आलं नाही, कारण टोपलीही परत आली नाही.

जमीन आमची नव्हती. बापाच्या वेळेपासून आम्ही मालकाची चार एकर वाट्यानं करत होतो. जमीन त्याची, घाम आमचा, पीक निम्मं निम्मं. बापाकडून दादानं जे काही उचललं त्यातली एक गोष्ट अशी, की दुसऱ्याची जमीन सोडायची वेळ आली तर ती नांगरून सोडायची. धसकटं उभी, ढेकळं पडलेली, अशी जमीन पुढच्याच्या हातात द्यायची नाही. शेजारणीचं भांडं आपण घासून परत देतो की नाही, तसंच. बापानं डोंगराकडचा तुकडा सोडून हा घेतला तेव्हा तसंच केलं होतं. आमच्या घरात हे कुणी कुणाला सांगत बसलं नाही, ते होतंच.

वयसुद्धा आम्ही पिकांवर मोजायचो. पोर जन्मल्यापासून किती पिकं घरात आली, तेवढं त्याचं वय. दुष्काळात पीक बुडालं तर ते वर्ष धरायचंच नाही. मी याला वेडेपणाच म्हणायची, पण या वेडेपणाचा पुढं एकदा उपयोग झाला, तो सांगते.

मधली सहा वर्षं वाईट गेली. त्यातली चार पावसानं खाल्ली. उरलेल्या दोन वर्षांत पीक बरं आलं तर बाजारच पडला, धान्य नेण्याच्या भाड्याइतकाही भाव येईना. शहरातल्या गिरण्या बंद पडल्या, तिकडं गेलेली माणसं परत येऊन घराच्या ओट्यांवर बसू लागली. मालकानं तेव्हा हिशोबीपणानं ठरवलं की बावीस घरांना वाट्यानं जमीन देण्यापेक्षा दोन ट्रॅक्टर घ्यावेत आणि सगळं एकत्र करावं. ट्रॅक्टर आजारी पडत नाही आणि त्याच्या लेकीचं लग्नही नसतं. कारभारी घरोघर फिरला. महिनाअखेर घरं रिकामी करायची. घरंही मालकाचीच होती, त्यांचे पत्रे आणि दारं तो काढून नेणार होता.

कुणी भांडलं नाही. भांडायचं कुणाशी? कारभाऱ्याशी? तो बिचारा सांगताना स्वतःच्या चपलांकडे बघत होता.

मग चौकातल्या दुकानात मुकादम येऊन बसायला लागला. दोन दिवसांच्या वाटेवर मोठ्या फळबागा होत्या, तिथं तोडणीला आणि खोकी भरायला माणसं हवी होती. एका घराला एक खोली, वर्षभराचं काम, नळ बाहेर पण पाणी रोज. त्याच्या अटी दोन. घरच्या कर्त्याचं वय पंचेचाळिसाच्या आत हवं. आणि जुन्या मालकाकडून सोडल्याचा कागद हवा, म्हणजे या घरानं जमीन सोडली, तिच्यावर आता यांचं काही नाही, असं लिहिलेला. याआधी त्यानं नेलेली काही माणसं हंगाम अर्धा टाकून आपल्या जमिनीकडे पळून गेली होती, म्हणून हा कागद. तो नसेल तर गाडीत पाय ठेवायचा नाही.

आमची पाळी आली तेव्हा मुकादमानं पेन उचललं. "काका, वय काय?"

"बेचाळीस," दादा म्हणाला.

माझा आ वासलेलाच राहिला. माझा भाऊ एक्कावन्न वर्षांचा होता. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "दादा, तू चक्क खोटं बोललास?" तो गोंधळला. "खोटं कुठं? बेचाळीसच झाली की. मोज." आणि बोटांवर पिकं मोजायला लागला. मी आणि वहिनी एकमेकींकडे बघून इतक्या हसलो की दुकानदार बाहेर डोकावला. त्या महिन्यात आम्ही हसलो ते तेवढंच.

मुकादमानं दुकानाच्या फरशीवर खडूनं एक चौकोन काढून दाखवला होता. एका घराला गाडीत तेवढीच जागा. वहिनीनं तो पावलांनी मोजला आणि घरी येऊन अंगणात कोळशानं तसाच चौकोन काढला. पाच दिवस आमचा संसार त्या चौकोनात शिरायचा आणि बाहेर पडायचा. शिवणयंत्र ठेवलं की पिठाचा डबा बाहेर. डबा घेतला की खाट बाहेर. शेवटी खाट गेलीच, शेजारणीला दिली, आणि तिनं आम्हाला तिचा पाटा दिला. तिची गाडी वेगळीकडं जाणार होती, तिच्या चौकोनात पाटा बसेना. दादानं एकदा नांगर आणून त्या चौकोनात ठेवला.

वहिनी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अहो, झाडांच्या बुंध्यांमधून नांगर फिरवणार आहात का तुम्ही?"

"राहू दे, कुठंतरी लागेल."

"मग मी बाहेर राहते. माझ्याच जागेत बसेल तो."

नांगर बाहेर गेला. बैल घेणारा व्यापारी मंगळवारी संध्याकाळी येणार होता, त्यालाच नांगर आणि जू द्यायचं ठरलं. गाडी शुक्रवारी सकाळी सहाला. दादा-वहिनीची लेक, सतरा वर्षांची, माझी लाडकी, बैलांच्या गळ्यात पडून मुळूमुळू रडली. मी तिला ओरडले. नंतर मीही जाऊन त्यांच्या पाठीवरून हात फिरवून आले, पण ते कुणी बघितलं नाही.

रविवारी पहाटे दादा उठला आणि बैल जुंपून खालच्या तुकड्यात गेला. सोमवारी गेला, मंगळवारी गेला. आम्ही दोघी चौकोनाच्या नादात होतो. मला वाटलं, आता बैल जाणार, तर फिरवतोय जरा. वहिनीला माहीत होतं तो काय करतोय, पण तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. जमीन सोडताना नांगरतातच. मंगळवारी दुपारपर्यंत खालचा दीड एकर त्यानं असा नांगरला की मी स्वतः बांधावर दोन मिनिटं उभी राहिले. शेवटची नांगरट म्हणून त्यानं जीव ओतला होता. वरचा तुकडा राहिला. "तेवढा नाही झाला," तो म्हणाला, कुणाची तरी माफी मागत असल्यासारखं. संध्याकाळी बैल गेले.

बुधवारी सकाळी कारभारी कागद द्यायला निघाला, आणि आमच्या बांधावर येऊन थबकलाच.

"ओळंबा, हे काय करून ठेवलंस?"

"नांगरलं."

"ते दिसतंय. कुणाला विचारून?"

"विचारायचं काय त्यात? आम्ही सोडतोय ना."

"सोडतोयस म्हणून नांगरलंस?"

"मग! तशीच टाकून जाऊ?"

कारभारी त्याच्याकडे बघतच राहिला. त्याला वाटलं, हा आपल्याला बनवतोय. तो कागदांत वाढलेला माणूस, त्याच्या हाताला माती कधी लागली नव्हती. हातातला कागद त्यानं घडी करून परत खिशात घातला आणि म्हणाला, "मला शहाणपण शिकवू नकोस. कागद मिळणार नाही." आणि निघून गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे!

मी आणि वहिनी दुपारी कचेरीत गेलो. एकच खोली, दोन खुर्च्या, भिंतीला टेकवलेली बासनं, खिडकीत वाळलेल्या गोंदाची बाटली. आम्हाला बस म्हणायचं त्याला सुचलं नाही, पण सांगितलं मात्र नीट. ज्याचा नांगर त्या हंगामात जमिनीत गेला, त्याला त्या हंगामापुरता हक्क सांगता येतो, असा नियम होता. गेल्या वर्षी दुसऱ्या एका मालकाच्या माणसानं तेच केलं होतं. जमीन नांगरली, कागद घेऊन गेला आणि दोन महिन्यांनी परत येऊन उभा राहिला. जमीन माझ्या नांगराखालची आहे, म्हणाला. सगळा हंगाम कोर्टात गेला. तेव्हापासून आमच्या मालकानं सांगून ठेवलं होतं, नांगरलेली जमीन दिसली तर कागद द्यायचा नाही.

मी म्हटलं, "अहो कारभारी, माझ्या भावाला एवढं डोकं असतं तर आम्ही आज अशा तुमच्यासमोर उभ्या असतो का?"

वहिनीनं मला कोपर मारलं. कारभाऱ्याच्या ओठांच्या कडा हलल्या. "मला कळतं हो ताई. मालकाला नाही ना कळत. उद्या संध्याकाळी तो स्वतः गाडीतून फेरी मारणार आहे. तोपर्यंत तास मोडा. जमीन सपाट करा. एक ओळ दिसली नाही तर मी तिथल्या तिथं सही घेऊन कागद देतो. यापेक्षा जास्त माझ्या हातात नाही."

घरी येऊन आम्ही दादाला सांगितलं. तो दोरीला गाठ मारत बसला होता. गाठ मारायची थांबली.

"नांगरलेलं मोडायचं?"

"हो."

"मी?"

"मग काय गावानं मोडायचं?" मी म्हटलं.

"मी चोरी केलेली नाही," तो म्हणाला. "कुणाची जमीन दाबलेली नाही. साफ करून दिली, तर मलाच चोर ठरवतात? मोडायचं तर त्यांनी मोडावं. मी नाही मोडणार. कागद नाही दिला तर नको. पुढच्या गाडीनं जाऊ."

"पुढची गाडी आहे कुठं?" माझा आवाज चढला. "शनिवारी पत्रे निघणार आहेत डोक्यावरचे! मुकादम काय तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसणार आहे? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तुझा. सगळं गेलं, बैल गेले, नांगर गेला, आणि हा बसलाय खरेपणा कुरवाळत!" आणखीही बरंच बोलले. ते सगळं सांगण्यासारखं नाही.

वहिनी ओरडली नाही. तिनं पदरानं हात पुसले आणि त्याच्यासमोर खाली बसली. "अहो, मला भीती वाटते," ती म्हणाली. "तुम्ही जमीन नीट करून देऊन जाल. मला आणि पोरीला कुठं ठेवून जाल?"

तो उठून रिकाम्या गोठ्यात जाऊन बसला. जेवायला आला, जेवला आणि झोपला. त्यानं काय ठरवलं ते विचारायची आमची कुणाची छाती झाली नाही.

गुरुवारी उजाडताच वहिनीनं मला हलवलं. "वन्सं, उठा. आपण जाऊ."

"कुठं?"

"खालच्या तुकड्यात."

ढेकळं फोडून जमीन सपाट करायची आमची जाड लाकडी फळी होती, पुरुषभर लांब. ती व्यापाऱ्यानंही घेतली नव्हती, तिचं जळण करून वाटायचं ठरलं होतं. गाद्यांची बांधलेली वळकटी आम्ही सोडली, तिची दोरी फळीला बांधली, आणि बैलांच्या जागी आम्ही तिघी लागलो, मी, वहिनी आणि पोरगी. बाई, काय सांगू! दहा पावलांत खांदे भरून आले. फळी एकदा डावीकडे पळायची, एकदा उजवीकडे. तासांवरून नुसती घसरत जायची, ढेकळं तशीच. पोरगी दोनदा तोंडावर पडली. पहिली फेरी बांधाला लागेपर्यंत माझ्या नाकी नऊ आले, आणि मागं वळून बघितलं तर जमीन सपाट तर नाहीच, उलट रानडुकरं लोळून गेल्यासारखी दिसत होती.

बांधावर दादा उभा होता. कधी आला कुणास ठाऊक.

"आडवी ओढताय," तो म्हणाला. "अशानं मोडत नाही. तिरकी घ्यायला हवी. आणि फळीवर वजन हवं."

वहिनी हाफत होती. दोरी न सोडताच म्हणाली, "तिथून सांगू नका. यायचं असेल तर या."

मला वाटलं, आता पाठ फिरवून जाणार. मी त्याच्या पायांकडेच बघत होते. त्यानं चपला काढल्या, बांधावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि खाली उतरला. पोरीला फळीवर उभी केली, वजन म्हणून. वहिनीला डावीकडे, मला उजवीकडे, आणि मधोमध स्वतः. दोरी छातीवर घेतली.

"चला," तो म्हणाला.

मग ते काम झालं. मोडायचं कामही त्यानं नीटच केलं, एक पट्टा संपला की त्याला चिकटून पुढचा, मध्ये वीतभर जागा सुटू न देता. आपणच तीन दिवस मन लावून काढलेला एकेक तास तो आपल्याच छातीनं पुसत होता. मी त्याच्या बाजूलाच होते, मला दिसत होतं. तो रडत होता. दोरीला दोन्ही हात लागलेले, त्यामुळे नाकसुद्धा पुसत नव्हता, तसाच ओढत होता. मी आदल्या दिवशी काय काय बोलले होते ते सगळं मला आठवत होतं, आणि माझीच मला शरम वाटत होती. पण सॉरीबिरी म्हणायची आमच्यात पद्धत नाही. मी जास्त जोरानं ओढलं, एवढंच.

उन्हं चढल्यावर गवंडी आला, त्याची बायको आली, पलीकडच्या दोन घरची माणसं आली. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. सगळ्यांची बांधाबांध अर्धी पडलेली, तरी आले आणि दोरीला लागले. गवंडी म्हणाला, "ओळंबा, भिंत पाडायलासुद्धा तुझ्यासारखा माणूस हवा," आणि दादा पहिल्यांदा जरासा हसला.

संध्याकाळी मालकाची गाडी रस्त्यावर येऊन थांबली. तो उतरला नाही. काच अर्धी खाली झाली, आतून चष्मा दिसला. कारभारी खिडकीशी वाकून काहीतरी सांगत होता. आम्ही सगळे बांधावर ओळीनं उभे, अंगभर माती, धड उभंही राहवत नव्हतं. दीड एकर पाटीसारखा सपाट पडला होता. काच वर गेली. कारभारी आला आणि त्यानं दादाच्या हातात कागद ठेवला. सही गाडीतच झाली होती.

"उगाच ताप करून घेतलास," तो म्हणाला. खरं तर तो चांगल्या मनानंच म्हणाला.

कागद वहिनीनं घेतला, घडी करून पोलक्यात ठेवला, आणि तिथंच मातीत बसून हमसून हमसून रडली.

शुक्रवारी सहाला गाडी आली. सहा घरांचे सहा चौकोन तिच्यात भरले. मुकादमानं दाराशी उभं राहून कागद बघितला, आम्हाला वर चढवलं. लेकरं, गाठोडी, कुणाच्या पिंजऱ्यातल्या दोन कोंबड्या. दादा मागच्या फळकुटाला धरून उभा. गाडी आमच्या बांधाजवळून जाणाऱ्या रस्त्याला लागली, आणि बघतो तर खालच्या तुकड्यात मालकाचा ट्रॅक्टर!

नांगर लावूनच आला होता. आम्ही आदल्या दिवशी जे छाती फुटेपर्यंत सपाट केलं, त्यातच त्यानं वरच्या बांधाकडून पहिला तास घातला होता. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. एक रात्र! एक रात्र यांना दम निघाला नाही! माणसांना बैलांसारखं जुंपायला लावलं ते यासाठी? माझ्या तोंडात आलेल्या शिव्या पोरांसमोर गिळताना मला ठसका लागला.

तेवढ्यात दादानं गाडीच्या पत्र्यावर धपाधप हात मारायला सुरुवात केली. "थांबवा! थांबवा गाडी!"

गाडी थांबायच्या आत त्यानं उडी मारली. मुकादम पुढून ओरडला, "काका, उतरलात तर ठेवून जाईन!" वहिनी पांढरीफटक पडली. मलाही वाटलं, संपलं, आता हा त्या ड्रायव्हरची गचांडी धरणार, आणि आमचा कागद पोलक्यातच राहणार. चोवीस वर्षांत मी त्याला कुणावर हात उगारताना बघितलं नव्हतं, पण त्या दिवशी उगारला असता तर मी त्याला अडवलंही नसतं.

तो धावत गेला, हात हलवत, एक्कावन्न वर्षांचा माणूस, ढेकळांत अडखळत. ट्रॅक्टर थांबला. दादा खाली उभा राहून काहीतरी सांगत होता, ड्रायव्हर कानावर हात ठेवून वाकला होता. मग दादा वळला आणि मोकळ्या जमिनीत शिरला. बांधापासून पावलं मोजत गेला, मोठ्यानं मोजत, आम्हाला गाडीत ऐकू येत होतं. एका जागी थांबला. डोक्याचा फडका सोडला, बांधावरून उचललेल्या काठीला बांधला आणि काठी तिथं रोवली. पुढं आठ पावलं चालला. तिथं एक दगड ठेवला. ड्रायव्हरकडे बघून हात वर केला. त्यानंही केला.

धापा टाकत परत आला. गवंड्यानं हात देऊन त्याला वर ओढलं. मुकादम दोन शब्द बोलला, ते कुणी मनावर घेतले नाहीत. गाडी सुरू झाली.

"अहो, काय झालं होतं?" वहिनीनं विचारलं.

"खडक आहे ना तिथं मधोमध, वीतभर मातीखाली," दादा म्हणाला. "बैलांना ठाऊक होता, आपोआप थांबायचे. मी नांगर उचलायचो, आठ पावलं गेलं की परत टाकायचो. नांगरलेलं असतं तर ती मोकळी जागा त्याला दिसली असती. आता सगळं सपाट, त्याला काय कळणार? फाळ मोडला असता बिचाऱ्याचा पहिल्याच दिवशी."

वहिनीनं पदरानं त्याचं तोंड पुसलं, गाडीभर माणसांसमोर. तिनं असं पूर्वी कधी केलं नव्हतं. मी तोंड फिरवून रस्त्याकडे बघत बसले. मी त्याच्या जागी असते तर मोडू दिला असता फाळ. खरं सांगते, टाळ्या वाजवून मोडू दिला असता.